किन्हीराजाजवळचा पंक्चरवाला

पुण्याहून मोटारसायकलवर निघालेलो आम्ही दोघं. लोणार पाहून झालं होतं आणि कारंज्याची मंदिरं दुपारच्या आत गाठायची, म्हणून मी मे महिन्याच्या उन्हात गाडी दामटत होतो. किन्हीराजाच्या पुढे मागचं चाक बसलं.

कडुलिंबाखाली पंक्चरवाल्याची टपरी होती. साठीचा माणूस, कोपरापर्यंत ग्रीस. त्यानं चाकाकडे बघितलंच नाही. माझ्यामागे उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं आणि सावलीत खाट ओढली.

"चाक राहू द्या. पयले बाईले निजवा."

आपला दुपट्टा माठातल्या पाण्यात भिजवून त्यानं माझ्या हातात दिला. मीठ-साखरेचं पाणी केलं आणि ती पिईपर्यंत पाठ करून उभा राहिला. मग चाक खोलता खोलता हळूच म्हणाला, "गाडी तापली का आवाज करते भाऊ. बाईमानूस नाई करत."

मला त्याच्याकडे बघवेना. ऊन उतरेपर्यंत त्यानं आम्हाला हलू दिलं नाही. कारंजा त्या दिवशी राहिलंच.

निघताना मी बायकोला विचारलं, "त्रास होत होता तर सांगितलं का नाहीस?"

"सकाळपासून दोनदा सांगितलं," ती म्हणाली. "वाऱ्यात तुला ऐकू गेलं नसेल."