इकडचे, तिकडचे आणि रेणूची बैठक

माझ्या मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं, त्याला कारण देणंघेणं नव्हतं, पत्रिका नव्हती, मानपानही नव्हता. कारण एवढंच, की दोन्ही बापांनी एकमेकांचं मन राखायचं ठरवलं होतं.

या प्रकरणात घरातले सगळे आजही मलाच दोष देतात. बायको सुनंदा देते, तिचा भाऊ प्रकाश देतो, आणि तिची बहीण, जी त्या दिवशी हजरसुद्धा नव्हती, ती फोनवरून देते. माझी बाजू कोणी ऐकूनच घेतली नाही. म्हणून एकदाची लिहून काढतो.

नागपूरच्या महाल भागात माझं भांड्यांचं दुकान आहे. सायकलला पोती लटकावून दारोदार स्टीलचे डबे विकण्यापासून मी सुरुवात केली. बापाने दुकान दिलं नाही, सासऱ्याने दिलं नाही. (सासऱ्याने प्रकाश दिला.) तीस वर्षं घासाघीस करून स्वभाव असा झाला आहे, की कोणी नुसती वेळ सांगितली तरी मी पाच मिनिटं कमी करून मागतो. राग लवकर येतो हे मान्य. पण गिऱ्हाइकासमोर येत नाही. दुकानात माझा एकच नियम आहे : पहिली दहा मिनिटं समोरचा जे म्हणेल त्याला हो म्हणायचं. तो म्हणाला उन्हाळा फार आहे, तर फार आहे. नाही म्हणाला, तर नाही.

राजकारणात तर मी पूर्वी अगदी मवाळ होतो. आमच्याकडे दोन पक्ष. त्यांची नावं घेत नाही, माझ्या दुकानाला काचा आहेत. एकाला इकडचे म्हणू, दुसऱ्याला तिकडचे. जो नाली साफ करायचा त्याला मी मत द्यायचो, आणि पुढच्या वेळी नाली पुन्हा तुंबली म्हणून दुसऱ्याला. दोघांनाही नावं ठेवायचो, दोघांच्याही सभेत चहा प्यायचो.

मग काय झालं कोण जाणे, मधली जागाच संपली. रस्ता बरा झाला म्हटलं की लोक म्हणायचे, हा इकडचा. त्यात खड्डा आहे म्हटलं की, तिकडचा. प्रकाश पक्का तिकडचा. एका दिवाळीला मी त्याच्या नेत्याचं भाषण जरा लांबलं, एवढंच म्हणालो. त्याने फराळाला बसलेल्या पंधरा माणसांसमोर जाहीर केलं, "भाऊजी विकले गेले." मी! ज्याचा एक चमचा कधी पडेल भावात गेला नाही, तो मी! त्याच रागात मी सगळाच्या सगळा इकडे गेलो. पुढच्या दहा वर्षांत इकडच्यांनी जे केलं, त्यातलं निम्मं मला पटलं नाही. पण तोंडातून शब्द काढला नाही. प्रकाशला आनंद झाला असता.

या निष्ठेपायी माझ्या मुलीचं, रेणूचं, एक चांगलं स्थळ गेलं. वर्ध्याचे लोक होते. मुलाचा काका तिकडचा निघाला, आणि पोह्यांची वाफ जिरायच्या आत मंडळी गाडीत बसली. नंतर रेणूने दोन वर्षं कोणतंच स्थळ पाहू दिलं नाही, इतकंच.

म्हणून एकोणतिसाव्या वर्षी तिने स्वतः अमोलचं नाव काढलं, तेव्हा मी आधी मुलाच्या काकांची चौकशी केली. मुलगा तिच्या ऑफिसातला, शांत, मला पाहताक्षणी आवडलेला. त्याचे वडील दादारावजी यांचं पारशिवनीला खत-बियाणांचं दुकान. प्रकाश शेतीचे पंप विकतो, त्यामुळे तो त्यांना ओळखत होता आणि आपोआप मध्यस्थ झाला. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की माणूस सोन्यासारखा आहे, पण कट्टर तिकडचा आहे, आणि डोक्याने गरम. राजकारण निघालंच तर मान हलवा. (हीच तंबी त्याने पारशिवनीला जाऊनही दिली होती : आमचे भाऊजी कट्टर इकडचे, डोक्याने गरम, मान हलवा. हे मला फार उशिरा कळलं.)

रेणू दुकानात आली ती दोन्ही घरांच्या पहिल्या बैठकीच्या चार दिवस आधी. स्वच्छ असलेला चष्मा ओढणीने पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, मले हाच मुलगा पाह्यजे. फक्त एक दिवस भांडू नका."

मी हो म्हणालो. पण तिच्या आवाजात विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझ्यातही नव्हता. चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. नुसती मान हलवून चालणार नाही, हे माझ्यातल्या दुकानदाराला समजत होतं. माल माहीत नसेल तर मान कुठे हलवायची हेच कळत नाही. म्हणून मी अभ्यास सुरू केला. न्हाणीघरात नळ सोडून, कानात इअरफोन घालून मोबाइलवर तिकडच्यांची भाषणं ऐकली. चौथ्या दिवशी सुनंदाने दार वाजवून विचारलं, की तब्येत बरी नाही का, टाकी रिकामी झाली. मी ओल्या हाताने बीपीची गोळी घेतली आणि तिकडच्यांचे सात मुद्दे पुन्हा पाठ म्हटले.

रविवारी सकाळी मंडळी सक्करदऱ्याला आमच्या घरी आली. बायका आत गेल्या. अमोल दाराजवळच्या खुर्चीत, प्रकाश आमच्या दोघांच्या मध्ये. सुनंदाने सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, आणि कढी ठेवली. मी हात जोडले, मनात मुद्दे मोजले, सातही होते.

दादारावजींनी वडीचा तुकडा मोडला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "काही म्हणा जी, तुमच्या नागपुरात रस्ते मस्त झाले. इकडचे लोक कामं करून राहिले."

मी सावध झालो. कट्टर तिकडचा माणूस इकडच्यांची स्तुती करतो? हा चाचपणी करतो आहे! ज्याला कढई घ्यायचीच नसते, तेच गिऱ्हाईक तिचं सगळ्यात जास्त कौतुक करतं, हे मला पाठ आहे. मी हसून पहिला मुद्दा सोडला. रस्ते कसले, केले की खोदतात. खरं काम तिकडच्यांनीच केलं.

आता दादारावजी सावध झाले. तेही दुकानदार! त्यांना वाटलं, हा इकडचा माणूस आपल्याला आजमावतो आहे. त्यांनी आणखी जोर लावून इकडच्यांची बाजू घेतली. मी दुसरा मुद्दा काढला, त्यांनी पूल काढला. मी महागाई काढली, त्यांनी वीज काढली. दोघांच्याही चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण त्याखाली हळूहळू राग भरत होता.

खरी गंमत पुढे झाली. (तेव्हा गंमत वाटली नाही.) दादारावजी म्हणाले, "इतके वर्षं तुम्ही लोक झोपले होते काय?" हे माझं वाक्य होतं. शब्द न् शब्द माझा. दहा वर्षं मी ते प्रकाशच्या तोंडावर फेकत आलो. आज पहिल्यांदा ते माझ्या तोंडावर येऊन आपटलं आणि मला समजलं, की ते वाक्य किती डोक्यात जातं. कानशिलं तापली. मी विसरलो की मी सोंग घेतलं आहे. पाठ केलेले मुद्दे संपले, तरी तोंडातून नवे येत होते, आणि चांगले येत होते! चार दिवसांपूर्वी मला त्यातला एकही पटत नव्हता.

प्रकाशची अवस्था पाहण्यासारखी होती. त्याचा पक्ष मी लढवत होतो आणि माझा पक्ष त्याचे दादारावजी. आधी तो दोघांना डोळे मारत होता. मग माझा एक मुद्दा चुकला, तेव्हा त्याला राहवलं नाही, त्याने तो दुरुस्त केला. मी म्हणालो, तू मध्ये बोलू नको. दादारावजी म्हणाले, म्हणजे तुम्ही दोघं मिळून आलेत.

"आलो नाही जी, हे माझंच घर आहे," मी म्हणालो.

"मंग ठेवा तुमच्याजवळ तुमचं घर." त्यांनी बशी खाली ठेवली. "मले अशा घरात सोयरीक करायची नाही."

"नका करू," असं कोणीतरी म्हणालं. ते मीच होतो.

आतली भांडी वाजायची थांबली. अमोल उठून उभा राहिला. दादारावजी जिन्याकडे वळले, आणि मला वर्ध्याच्या गाडीचा मागचा दिवा दिसायला लागला. जीभ आवरायची होती, आवरत नव्हती. मी पुढचा मुद्दा शोधत होतो.

रेणू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिने ट्रे ठेवला आणि आधी दादारावजींकडे पाहिलं.

"काका, तुम्ही तिकडचे. बाबा, तुम्ही इकडचे. दोघं एकमेकाचा पक्ष घेऊन भांडून राहिले." तिने चष्मा काढून पुसला. "आता मी कोणाची समजूत काढू, थे तरी सांगा."

मग दादारावजींनी प्रकाशकडे पाहिलं. मीही प्रकाशकडे पाहिलं. प्रकाशने कढीकडे पाहिलं.

दादारावजी सावकाश येऊन खुर्चीत बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पोरी, तुयं खरं हाय," ते म्हणाले. "चुकलंच आमचं." मग टोपी पुन्हा चढवून, "पण रस्त्याचं म्या म्हटलं, थे बी खोटं नाही."

"आणि खोदकामाचं मी म्हटलं तेही," मी म्हणालो. बोललेला भाव मी उतरवत नाही. तेही उतरवणारे नव्हते. दोघंही एकमेकांच्या पक्षात अडकून चहा पीत बसलो.

तेवढ्यात आतून विहीणबाई आल्या. कपाळाला ताजं कुंकू, हातात पेढ्याची वाटी. त्यांनी पेढा नवऱ्याच्या तोंडात जवळजवळ कोंबलाच. "साक्षगंधाची तारीख आम्ही ठरवली," त्यांनी साखरपुडाच जाहीर केला. "तुमचं देश चालवून झालं असन तं जेवाले बसा."

लग्न छान झालं. रेणू सुखात आहे. आमची मात्र जी त्या दिवशी अदलाबदल झाली, ती तशीच राहिली. दादारावजी पारशिवनीत इकडच्यांसाठी भांडतात, मी महालात तिकडच्यांसाठी. सणावाराला भेटलो की रेणू जेवण लवकर वाढते. आणि प्रकाश? मी तिकडे आलो हे पाहून त्याने महिनाभर कसाबसा दम धरला. मग इकडे निघून गेला. माझ्यासोबत एका पक्षात राहणं त्याला जमणार नव्हतं.

परवा मतदान होतं. मला शाळेच्या दारापर्यंत सोडायला रेणू आली. म्हणाली, "बाबा, आत कोणी नसतं. तुमच्या मनात असन थे दाबा." आत गेलो. खरंच कोणी नव्हतं. प्रकाश नाही, दादारावजी नाही, कोणी वेडंवाकडं बोलायला नाही. यंत्रावरची नावं वरून खाली वाचली, खालून वर वाचली. बोट उचलेना. शेवटी पलीकडून अधिकाऱ्याने विचारलं, की काका, काही अडचण आहे का.

मी पुठ्ठ्याच्या आडून मान बाहेर काढून म्हणालो, "साहेब, तुम्ही कोणाचे, एवढंच सांगा. म्हणजे मी लगेच दुसऱ्याला देऊन टाकतो."