उत्तरेच्या खिडकीतली गुलबक्षी

आमच्या ह्यांनी चष्म्याच्या दुकानात चाळीस वर्षं काढली. आधी भिंगं घासली, मग डोळे तपासले. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ यांना लांबूनही दिसायचं. स्वतःचं मुसळ कधी दिसलं नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

दुकान सुटल्यावर दोनच नाद उरले. गॅलरीतल्या कुंड्या आणि पुलापलीकडचे ह्यांचे मित्र, एक्स-रेवाले भावोजी. भावोजी दवाखान्यात एक्स-रे काढायचे, आता गच्चीवर बाग करायचे. दोघांचा एक खुळचट नियम होता. रोप द्यायचं ते नाव न सांगता. घेणाऱ्याने ओळखायचं आणि देणाऱ्याच्या घरी जाऊन नाव सांगायचं. तोवर तिकडे फिरकायचं नाही, फोनसुद्धा नाही. एरवी आठ दिवसांत निकाल लागायचा, चहा व्हायचा, एकमेकांची अक्कल काढून व्हायची.

गेल्या वर्षी भावोजींची सून एक रोप घेऊन आली. वीतभर उंच, पानं समोरासमोर, पेरं फुगीर. म्हणाली, बाबांनी नाव कळल्याबरोबर यायला सांगितलंय, त्यांचं तुमच्याकडे काही काम आहे. काय काम ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मी भाजी निवडता निवडता म्हटलं, गुलबक्षी दिसतेय. हे हसले. एक्स-रेवाला आणि मला गुलबक्षी देईल? मागच्या खेपेला ह्यांचं नाव चुकलं होतं आणि भावोजींनी रोपवाटिकेत चारचौघांत खिल्ली उडवली होती. ते जिव्हारी लागलेलं. आता म्हणे चुकायचं नाही.

झालं. नाजूक जात असणार असं ठरवून रोप उत्तरेच्या खिडकीत ठेवलं, उन्हाचा कवडसाही लागू दिला नाही. वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आणली, भिंग लावून पानांच्या शिरा मोजल्या. रोप वाढलं लांबच लांब, फिकट, मरतुकडं. फुलायचं नाव नाही. अहो, काम आहे म्हणालेत ना, जाऊन तर या, असं मी कितीदा म्हटलं. "नावाशिवाय कोणत्या तोंडाने जाऊ?" हे एकच उत्तर. सुंभ जळेल, पण पीळ जळायचा नाही. दोनदा मी फोन उचलला, दोन्ही वेळा ह्यांनी हातातून काढून घेतला. मग मीही सोडून दिलं. खतामातीचं काही काम असेल, म्हटलं.

आठ महिन्यांनी हे तापाने पडले, तेव्हा मी कुंडी गॅलरीत उन्हात नेली. पुढच्या दीड महिन्यात एका संध्याकाळी फुलं उघडली. गुलबक्षीच. ह्यांनी शर्ट बदलला आणि मलाही बरोबर घेतलं.

भावोजी खुर्चीत बसले होते. आम्ही पुढ्यात जाऊन उभे राहिलो तरी म्हणाले, "कोण आलंय?"

सुनेने हळूच सांगितलं. काचबिंदू. घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. जिन्यात पडले तेव्हा उघडकीला आलं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर येत नाही. सहा महिने आधी आणलं असतं तर उरलेली तरी राखता आली असती.

ह्यांनी कशीबशी हाक मारली. भावोजींनी आवाज ओळखला.

"आलास होय रे? मला कडेचं दिसेनासं झालं होतं. घरात बोललो असतो तर गच्चीला कुलूप लागलं असतं. म्हटलं, तू डोळे बघशील, गुपचूप दवाखान्यात नेशील. वाटलं, आठ दिवसांत येशील. मग मीही हटून बसलो." पुढे म्हणाले, "ते रोप आपोआप उगवलेलं. मला धड दिसलंच नव्हतं. काय होतं?"

मीच सांगितलं.

आता हे रोज पूल ओलांडून जातात, भावोजींना हाताला धरून गच्चीवर नेतात, कुठे काय फुललंय ते सांगतात. भावोजींनी ह्यांना माफ केलंय. मी केलेलं नाही, आणि जे झालं त्यात माझाही वाटा आहे हे मला पक्कं ठाऊक आहे.