केशरची नाकपट्टी

दिंडोरी रस्त्याला द्राक्षांचे मळे लागतात, तिथून आत वळलं की रविराजचा रायडिंग क्लब आहे. एक रिंगण, पत्र्याची पागा, पागेच्या टोकाला सामानाची खोली. त्या खोलीचा कारभार चांगुणाचा.

चांगुणा देवळ्याकडची. लग्नाआधी कांद्याच्या चाळीत निवडायला जायची. नवरा अंबडच्या कंपनीत होता म्हणून नाशकात आली. क्लबात लागली ती लीद काढायला. घोड्यांची तिला भीती वाटे. घोडे बाहेर गेले की ती पागेत शिरायची. पण घामानं कडक झालेले चामड्याचे पट्टे खुंटीवर तसेच लोंबत असायचे, ते तिला बघवेनात. तिनं ते पुसले, साबण लावला, तेल चोळलं. कुणी सांगितलं नव्हतं. हळूहळू तिची भीती गेली आणि पट्टे बांधायलाही तिलाच हाका येऊ लागल्या.

तिचं खरं काम नाकपट्टीचं. घोड्याच्या तोंडात लगामाची लोखंडी कडी असते. जबडा फाकवून त्यानं ती चुकवू नये म्हणून नाकावरून हनुवटीखाली एक पट्टा घेतात. कुणाला साधा पुरतो, कुणाला रुंद लागतो, कुणाला नाकावर फुली मारणारा. तो नाकाच्या हाडावर बसवायचा आणि खाली दोन बोटं जातील एवढा सैल ठेवायचा. लोक बोटं गालाकडून घालतात. तिथं मऊ असतं, पट्टी काचत असली तरी बोटं जातात. चांगुणा हाडावरूनच घालायची.

मग केशर आली. तांबूस घोडी, कुणीतरी हौसेनं घेतलेली आणि कंटाळून विकलेली. तिला तोंड उघडायची खोड होती. रविराजनं तिला फुलीची पट्टी बांधली आणि ती सरळ मागच्या पायांवर उभी राहिली. कुंपण मोडलं. घोडे सांभाळणाऱ्या एका मोतद्दाराचा खांदा निखळला. त्यानंतर ती कुणाला डोक्याजवळ येऊ देईना.

चांगुणा तिच्या ठाणात पालथ्या घमेल्यावर बसून पट्ट्यांना तेल चोळायची. घोडीकडे बघायची नाही. पावसाळा असाच गेला. एक दिवस केशरनं आपलं नाक तिच्या मांडीवर आणून ठेवलं. चांगुणानं हातातलं काम थांबवलं नाही. तिला रडू आलं होतं आणि घोडी बिचकेल म्हणून ती रडली नाही.

तिनं साधी रुंद पट्टी निवडली. आतून मऊ लोकरी नमद्याचा तुकडा शिवला. सैल बांधली. केशर कडी चघळू लागली, घोडं निवांत असलं की येतो तसा ओठांवर फेस आला, मान खाली झुकली. तेव्हापासून केशरच्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही.

घरी मुलगा सनी चिडवायचा, की आमच्यापेक्षा त्या घोडीचे लाड जास्त. चांगुणा म्हणायची, "हाक मारली की मान तरी वर करती ती. तुझी मोबाइलातनं निघत नाय."

यंदा थंडी सरताना रविराजनं सांगितलं, पुण्याची एक मुलगी केशरला बघायला येतेय. तेजस्विनी नाव, स्पर्धांमध्ये अडथळ्यांवरून घोडे उडवते. तोंड शांत असेल तर ती घोडी नेईल. पट्टी चांगुणाबाईंनीच बांधावी, तोंड उघडलं नाही की झालं.

चांगुणा हो म्हणाली. घोडी त्याची होती. तिची कधीच नव्हती. हे तिला माहीत होतं, आणि माहीत असण्याचा काही उपयोग नव्हता.

त्या सकाळी ती खुंट्यांसमोर उभी राहिली. केशर एकदा उसळली की ती इथंच राहणार होती. फुलीची पट्टी घेतली तर सगळ्यांना दिसेल. तिनं नेहमीचीच घेतली. बक्कल नेहमीच्या भोकापर्यंत आणलं आणि आणखी दोन भोकं पुढं ओढलं. केशरचा एक कान मागं झाला. बस, तेवढंच. दुसऱ्या कुणी ओढली असती तर तिनं लाथ झाडली असती. चांगुणाचा हात होता म्हणून ती उभी राहिली. पाठीवर परकं माणूस बसलं की उसळेल, असं चांगुणाला वाटलं.

केशर उसळली नाही. तेजस्विनीनं तिला दुडकीनं फिरवलं, दौडवलं, अडथळ्यावरून नेलं. तोंड जराही उघडलं नाही. घोडी कुणीतरी दोरीनं ओढल्यासारखी गोल फिरत राहिली. रविराज खूश झाला. चांगुणा कुंपणाला धरून बघत होती. ओठ कोरडे होते, फेसाचा ठिपका नाही. डोळ्याच्या वर कातडीला घडी पडली होती. केशरची अशी चाल तिनं कधी पाहिली नव्हती.

तेजस्विनी उतरली. म्हणाली, इतकं शांत तोंड तिनं क्वचित पाहिलंय. खिशातून पेन काढून तिनं पट्टीवर बक्कलापाशी खूण केली.

"हेच भोक कायम ठेवायचं. तिकडच्या मोतद्दारालाही सांगते."

कायम. चांगुणा कुंपणाखालून वाकून आत आली.

"ताई, पट्टी घट्ट हाय."

"मग सैल का नाही केली?"

"मीच आवळली." ती घोडीकडं बघत म्हणाली. "उसळली तर तुमी न्यायच्या नाय, म्हणून."

रविराज गंमत समजून हसला. तेजस्विनीनं पट्टीखाली बोट घालून पाहिलं. गेलं नाही. तिनं पेनाची खूण अंगठ्यानं पुसली. मग म्हणाली, "सोडा."

चांगुणानं बक्कल मागं घेतलं. नाकावर केस दबून ओली रेघ उठली होती. केशरनं जबडा हलवला, जीभ फिरवली आणि तेजस्विनीच्या शर्टावर जोरात शिंकली. तेजस्विनी पुन्हा बसली.

या वेळी घोडीनं डोकं झाडलं. वळणावर तोंड उघडून ओढ घेतली. रविराज आपल्या बुटांकडं बघू लागला. चांगुणाच्या मनात क्षणभर आशा उठली आणि तिची तिलाच लाज वाटली. मग पलीकडच्या कोपऱ्यात केशरची मान सैल झाली. ओठांवर फेस दिसू लागला. ती लांब टापा टाकत आली, चांगुणाच्या अगदी जवळून गेली, आणि थांबवली तरी थांबेना.

तेजस्विनी उतरली तेव्हा तिला धाप लागली होती. "मी हिला नेते," ती म्हणाली. मग चांगुणाकडं वळली. "मला दाखवा कशी बांधायची."

चांगुणानं तिचा हात धरून नाकाच्या हाडावर ठेवला. बोटं पट्टीखाली सहज सरकली. चांगुणानं ती पाहिली, शेजारी आपली धरली.

"तुमची बोटं बारीक हायत. तुमी तीन घाला."

गाडी आली त्या दिवशी नाकपट्टी फडक्यात गुंडाळून चांगुणानंच पिशवीत भरली. केशर फळीवरून न अडखळता चढली. आत गवत बांधलेलं होतं. ती खाऊ लागली. गाडी मळ्यांमधून रस्त्याला लागेपर्यंत तिनं एकदाही मागं पाहिलं नाही.

रविराजनं चांगुणाला काढलं नाही. रागावलाही नाही. पण आता तिनं बांधलेल्या प्रत्येक पट्टीखाली तो स्वतः बोटं घालून बघतो. ती बाजूला उभी राहते.

तेजस्विनीनं तिला कधीही या म्हणून सांगितलंय. नाशकातल्या द्वारका चौकातून पुण्याच्या गाड्या सारख्या सुटतात. सनी म्हणतो, सुटी काढतो, जाऊन येऊ. ती हो म्हणते, लुगडंही काढून ठेवते, आणि आयत्या वेळी काहीतरी काम निघतं. परवा त्यानं सरळ विचारलं, जायचंय की नाही तुला?

चांगुणा भाकरी थापत होती. "पट्टी नीट असली तर माझं तिथं काय काम," ती म्हणाली. "आन् नीट नसली तर बघवंल का मला?"

मग थोड्या वेळानं तिनंच विचारलं, पुण्याची पहिली गाडी किती वाजता असते.