उष्टा पेला

"आधी तोंड, मग कॅन," मामा म्हणायचे आणि कमरेला खोचलेला पितळी पेला काढून धोतराच्या सोग्यानं पुसायचे. समोर चरवी घेऊन उभी असलेली बाई कितीही घाईत असो, मामांचा हात कॅनच्या झाकणाकडे जायचा नाही. आधी तिचं पोर पुढं यायचं. चरवीतलं धारोष्ण दूध पेल्यात पडायचं. पोर ते पिऊन, ओठावर पांढरी मिशी घेऊन बाजूला व्हायचं. मगच झाकण उघडायचं.

पोर दिसलं नाही तर चौकशी व्हायची.

"कुठाय?"

"झोपलंय, मामा."

"उठीव की. म्हशीला उठीवलंस, त्याला उठवाया काय झालं?"

मामांचं नाव मी लिहीत नाही. त्यांचे भाऊबंद अजून त्या भागात आहेत, आणि ते नाव माझ्या हातानं लिहिलं जावं असं मला वाटतही नाही. सगळं गाव मामा म्हणायचं, म्हणून मामा. तुमच्याही गावात असा एखादा माणूस होऊन गेला असेल, ज्याच्या एका खोडीला सगळे हसत. तो आठवून पाहा. आणि गावानं त्याचं पुढं काय केलं, तेही आठवून पाहा.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, कळंबच्या अलीकडे. माझे वडील गावचे पाटील, सगळे त्यांना आबा म्हणत. मी बारामतीला मॅट्रिक होऊन नुकताच परत आलो होतो. स्वातंत्र्याला थोडीच वर्षं झाली होती आणि गावोगाव सोसायट्यांचं वारं होतं. आमच्याकडे दुधाची सोसायटी निघाली तेव्हा आबा चेअरमन झाले आणि शिकलेला म्हणून मी कमिटीवर. फोटो निघाला त्यात आम्ही बाप-लेक पुढच्या रांगेत आहोत. मामा त्या फोटोत नाहीत. सोसायटी मामांनी काढली, हे आज कुणी म्हणत नाही, म्हणून मी इथं म्हणून ठेवतो.

कालव्याचं पाणी ज्याच्या रानाला, त्याचा ऊस. ज्याचं रान कालव्याच्या वरच्या अंगाला, त्याच्या दारात एखादी म्हैस, बाकी माळ. बारामतीचा व्यापारी यायचा, तूप न्यायचा. माप त्याचं, भावही त्याचाच. दूध मात्र कुणी विकत नसे. दूध इकणं म्हंजे पूत इकणं, असं म्हाताऱ्या बाया म्हणत. मामा मेंढरं राखणाऱ्या घरातले. दुष्काळात कळप मोडला आणि त्यांनी म्हैस घेतली होती. ते घरोघर हिंडायला लागले. मी कौतुकानं बरोबर जायचो.

"शेठ आपल्या तुपावर मिशीला पीळ देतोय," ते बायकांना सांगायचे. "एकटीचं तांब्याभर दूध कोण इचारतोय गं? समद्यांचं मिळून कॅन झालं, तर पुण्याची लॉरी दारात येतीया."

सगळं गाव वळलं. वळेना ती मामांची आई. ती उंबऱ्यावर बसून राहिली, मामांना घरातून चरवी बाहेर काढू देईना.

"इकणार व्हय दूध?"

"आये, उरल्यालं इकायचं."

"उरल्यालं कोण ठरवणार? तू का लॉरीवाला?"

म्हातारी म्हणाली, "पोरांच्या तोंडचं काढून ह्या गावात कॅन भरला, तर माझ्या मढ्याला हात लावू नगंस. दे सबूद."

मामांनी बिरोबाचा भंडारा कपाळाला लावला आणि सबूद दिला. म्हातारी उंबऱ्यावरून उठली. मला हसू आलं होतं. मामांना नव्हतं आलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कमरेला तो पेला होता.

देवळापुढच्या पारावर आमचं सेंटर. मामा माप घेत आणि पेल्याचा कायदा चालवत. एका म्हाताऱ्या जोडप्याला मूलबाळ नव्हतं. मामांनी म्हाताऱ्यालाच पुढं बोलावलं. "या. म्हातारपण म्हंजे पोरपणच. दात बी न्हाईत, शोभून दिसतंय." म्हातारा लाजत प्यायला आणि पुढं रोज नेमानं यायला लागला. एक पोरगं आपल्या आईबरोबर पिऊन परत मावशीबरोबर रांगेत आलं. मामांनी त्याचा कान धरला, मिशी तपासली आणि पुन्हा पाजलं.

लॉरीचा ड्रायव्हर भोंगा वाजवून वैतागायचा. "ओ मामा, तिकडं पुण्यात पोरं रडत्यात!"

"रडू देत. त्यांच्या आया हायत्या तितं."

कधी म्हातारी काठी टेकत यायची, पाराखाली उभी राहायची. लेकाशी बोलायची नाही. रांगेतल्या पोरांचे ओठ तेवढे बघायची आणि जायची.

गावकुसाबाहेरच्या वस्तीवर एक विधवा बाई होती. तिची एक म्हैस, एक लहान मुलगी. सोसायटीत तीही होती, कायद्यानं तिला कुणी अडवू शकत नव्हतं. मात्र ती सगळ्यांच्या मागून यायची, दूध वरून ओतायची. एका सकाळी तिला कुठंतरी रोजावर जायचं होतं म्हणून ती लवकर आली. मामांनी तिच्या मुलीला पेला दिला. मुलगी प्यायली. मामांनी पेला पाण्यात बुडवला, पुसला आणि पुढं केला. पुढं माझा पुतण्या होता. त्याला घेऊन आमची काकू आली होती.

"त्योच पेला?" काकू म्हणाली.

"पेला त्योच. दूध ज्याचं त्याला."

काकूनं पोराचा हात धरला आणि ती मागं वळली. दुसऱ्या दिवसापासून आमचं दूध गडी आणू लागला. गडी म्हणाला, "पोरानं घरीच पिलं." मामांनी माझ्याकडे पाहिलं.

"धाकलं पाटील, खरं?"

"होय," मी म्हणालो. पोरानं घरी चहा प्यायला होता.

महिन्याभरात वाड्या-वाड्यांतून हेच सुरू झालं. घरीच पिलं, घरीच पिलं. मग कमिटीची बैठक बसली. त्या बैठकीत पेल्याला कुणाचं तोंड लागतं, याविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. शहाणी माणसं होती सगळी. बोलणं झालं ते उशिराचं. पेल्यापायी लॉरी खोळंबते, ऊन चढतं, दूध नासतं. एकजण म्हणाला, पेल्यात राहिलेलं उष्टं दूध चुकून कॅनमध्ये जातं, ते पुण्याला पाठवणं बरं नव्हे. खरं तर कॅनमध्ये सगळ्या गावाचं दूध एकत्रच होत होतं. गावाचंही आणि गावकुसाबाहेरचंही. त्याला कुणाचीच हरकत नव्हती. ते पुण्यानं प्यायचं होतं.

मामांना बोलावलं. आबा म्हणाले, "पेला बंद करा. मापाचं काम तुमचंच राहील. तुमच्याइतकं इमानी माणूस आम्हाला मिळायचं नाही."

"मला सबूद हाय, आबा."

"सबूद घरात. ही सोसायटी आहे."

"सोसायटी त्या सबुदावरच हुबी ऱ्हायलीया."

आबांनी हात वर करायला सांगितले. सगळ्यांचे वर झाले. माझाही झाला. तो वर करताना मला काही विशेष वाटलं नाही, हेच मला आज सहन होत नाही. मामांनी पेला कमरेला खोचला. दारात थांबून म्हणाले, "कॅनची झाकणं सोड्यानं धुवा. नुस्त्या पाण्यानं वास ऱ्हातो." आणि गेले.

सोसायटी वाढली. तिनं भलं केलं नाही असं मी म्हणणार नाही. बारामतीच्या शेठची मग्रुरी उतरली. घरांवर पत्रे आले, पोरी शाळेत जायला लागल्या, बायकांच्या हातात पहिल्यांदा आठवड्याच्या बाजाराचा पैसा आला. पण पेला गेला आणि पेल्यातलं दूधही कॅनमध्ये गेलं. आधी थोडं, मग सगळं. लॉरी अजून पहाटेची यायला लागली. पोरं उठायच्या आत चरव्या रिकाम्या होऊन येत. उठल्यावर त्यांच्यापुढं गुळाचा कोरा चहा. त्यात भाकरी बुडवून पोरं खायची आणि जोम धरायची नाहीत. मामांच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. उरलेलं किती, ते लॉरीवाला ठरवत होता.

मामा आपल्या म्हशीचं दूध सोसायटीला घालत नसत. शेजारची पोरं बोलावून पाजत. पण म्हैस एकच, आणि तीही आटली.

दिवाळीच्या सुमारास म्हातारी गेली. मी पोचलो तेव्हा बायका आत तिला आंघोळ घालत होत्या आणि मामा बाहेर निंबाखाली बसले होते. न्यायची तयारी झाली. भावकीतले म्हणाले, "ऊठ, खांदा दे."

"मी हात लावणार न्हाय."

"अरं, तू कुठं इकलंस? तू तर काम सोडून बसलास."

"वाट मी दावली. माझ्या सबुदावर बायांनी चरव्या भाईर काढल्या. आता पोरं कोरा च्या पित्यात. तिनं म्हणून ठेवलं हुतं."

आबा पुढं झाले. "वेड्यासारखं करू नका. लोक काय म्हणतील?"

"लोकांचं तुमी बघा, आबा. ती काय म्हणली हुती, त्ये मला बघाया पायजे."

शेवटी मामांच्या पुतण्यानं विस्तव धरला. तिरडीला एक खांदा कमी होता. तो मी दिला. मी पुढं झालो तेव्हा मामांनी मला अडवलं नाही, हे मला एखाद्या शिवीपेक्षा जास्त लागलं. म्हातारी पाखराएवढी हलकी होती. मामा मागं बरंच अंतर ठेवून चालत होते, आपल्याच आईच्या मयताला परका माणूस यावा तसे.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला ओढ्याकाठी जमलो. राखेवर शिंपडायला दूध लागतं. पुतण्या तांब्या घेऊन गावात हिंडून आला. तांब्या रिकामा.

"समद्यांनी सेंटरवर घातलं. लॉरी गेली," तो म्हणाला. म्हशींच्या गावात राखेवर टाकायला दूध नव्हतं. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना.

लांब, ओढ्याच्या पलीकडच्या काठावर ती विधवा बाई मुलीला घेऊन उभी होती. ती ओरडून म्हणाली, "मामा, पोरीच्या वाटणीचं ठेवलंया. त्ये चाललं का?"

एवढ्या गावात तेवढ्याच एका घरानं पेला चालू ठेवला होता. तिनं गडव्यात दूध आणलं आणि मधल्या दगडावर ठेवून ती मागं सरकली. मामांनी कमरेचा पेला काढला, धोतरानं पुसला, दूध त्यात घेतलं. आम्हाला वाटलं, आता पुतण्याच्या हातात देतील. पण ते पाण्यातून पलीकडे गेले आणि मुलीपुढं उकिडवे बसले.

"पी."

मुलगी आईकडे बघायला लागली.

"पी गं माझी बाय. आधी तोंड."

ती घाबरत अर्धा पेला प्यायली. मामांनी तिच्या ओठावरची मिशी बघितली. मग उरलेलं दूध घेऊन ते अलीकडे आले, राखेपाशी बसले आणि आईला पहिल्यांदा त्यांनी हात लावला. राख बोटांनी सारखी केली. पेला तिरपा केला.

भावकीतला एक म्हातारा पुटपुटला, "अरं, उष्टं?"

"तिला उष्टंच गोड लागंल," मामा म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांच्या पाहुण्यांची मेंढरं कोकणच्या वाटेला लागली होती. मामा त्यांच्याबरोबर गेले. पावसाळ्याच्या तोंडावर कळप परत आले, मामा आले नाहीत. कुणी म्हणालं तिकडंच राहिले, कुणी म्हणालं गेले. मी शोध घेतला नाही. सोसायटीची पुढं इमारत झाली. वडिलांच्या मागं मी चेअरमन झालो, आणि अजून आहे.

पेला त्यांनी नेला नव्हता. ओढ्याकाठी दगडावर पालथा ठेवून गेले होते. आमच्या गावात बांधावर विसरलेला विळा घटकाभर राहत नाही. हा तर चांगला पितळी पेला, पण तो तिथंच राहिला. कुणी उचलीना. उष्टा होता ना.

माझ्या रानाची वाट तिथूनच जाते. मी रोज त्याच्यावरून जायचो. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं आणि त्यात तो गेला. तोवर मीही उचलला नव्हता.