खाडीतली जिती कालवं

नेवाशाहून मोटार सुटताना आई खिडकीशी येऊन म्हणाली, "तिकडं निस्ता भात गिळत्यात म्हनं. बाजरीचं पीठ पुरवून खा गं." लढाई चालू होती. यांना रत्नागिरीकडे खाडीकाठच्या चुनाभट्टीवर मुकादमी मिळाली होती. मी चौथीतून शाळा सोडलेली. समुद्र नकाशातच पाहिलेला.

दमट हवेनं पीठ लगेच कडू झालं. मग शेजारच्या गंगाबाय कोळणीनं मला सावरलं. मला ती 'घाटावरची' म्हणून चिडवायची आणि ताट भरून वाढायची. ओहोटीला तिच्याबरोबर मी खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं फोडायला जाई. मोठी तेवढी घ्यायची, बारकी राहू द्यायची. पलीकडच्या खडकाला तर कुणी हातच लावत नसे. बियाण्यासाठी आपण कणसं राखतो, तसा तो राखलेला; त्याच्यामुळे बाकीचे खडक पुन्हा भरत. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की याच कालवांवर गाव जगायचं.

भट्टीत आधी किनाऱ्यावरच्या मेलेल्या शिंपल्या जळत. पण लढाईमुळे सिमेंट मिळेना, चुन्याला मागणी वाढली आणि शिंपल्या संपल्या. मग भट्टीच्या मालकांनी त्या राखलेल्या खडकावर जिती कालवं काढायला माणसं घातली. गंगाबाय आमच्या ओट्यावर येऊन यांना म्हणाली, "मुकादम, मेलेलं न्या, जाळा. जितं ठेवा. पावसात आमी काय खावं?"

हे मालकांकडे जाऊन बोलले. मुकादम पुष्कळ मिळतात, एवढंच उत्तर आलं. यांनी त्या दिवशी जेवताना मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. मालकांना नावं तरी कशी ठेवू? मी बाळंतपणात अडले तेव्हा गाडी पाठवून डॉक्टर त्यांनीच आणला. माझा मुलगा त्यामुळे आहे.

भट्टीपाशी कालवांचे ढीग सडत पडायचे. त्या वासानं मुलाला दूध पाजवत नसे. दोन पावसाळ्यांत खडक बोडका झाला, खाडी गढुळली, मासाही येईना. गंगाबायचं घर मुंबईला मजुरीला निघालं. जाताना ती हसली नाही. "सांभाळ आता आमचा गाव, घाटावरची," म्हणाली.

आई निरोप धाडते, घरी कधी येतेस? येईन. पण मन इथंच घुटमळतं. परवा ओहोटीला एकटीच गेले होते. त्या बोडक्या खडकाच्या खालच्या अंगाला नखाएवढी नवी कालवं धरलेली दिसली. तुम्ही वाचणारे लांब आहात म्हणून तुम्हाला सांगते. यांना सांगितलेलं नाही; यांच्या तोंडून मालकांच्या कानावर गेलं तर? एका ताटात जेवतो आम्ही, आणि तरी मला भीती वाटते.