अण्णाचं स्पेनमधलं खुलताबाद

परदेशात घर असलेला मित्र माणसाला एकच असावा. दोन असले तर किस्से ठेवायला वेगळी खोली बांधावी लागंल! आमच्या अण्णानं ते घर घेतल्यापासून गुलमंडीच्या हॉटेलात आमच्या टेबलावर दुसरा विषय टिकतच नाय. निवडणूक सुरू करा, पाऊसपाणी सुरू करा, दुसऱ्या कपापर्यंत गाडी स्पेनला पोचलेली असते. लोक म्हणतात, "बापू, लिहून काढा की." आता ऐकलेलं अर्धं, डोळ्यांनी बघितलेलं अर्धं. पटलं तर घ्या, नाय तर चहा घ्या.

टेबलावर आम्ही तिघं. अण्णा म्हणजे अंबादासराव, मूळचा शेंद्र्याचा शेतकरी, पण सारी नोकरी माझ्या शेजारच्या टेबलावर, एकाच सरकारी खात्यात. दुसरे नासीरभाई. गुलमंडीत त्यांचं कापडाचं दुकान, आता पोरं बघतात. तिसरा मी, कुणाचीच बाजू न घेणारा. आणि टेबलावर कधीच नसलेली, पण एकही किस्सा जिच्याशिवाय पुरा होत नाय, ती अण्णाची बायको, कमलवहिनी.

*

शेंद्र्याची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली तेव्हा गावात पैसा आला. पैशामागं गाड्या आल्या. अण्णाच्या चुलतभावानं तर गाडी ठेवायला जागा नाय म्हणून गोठा पाडला! अण्णाचं मात्र एकच पालुपद, "जमिनीचा पैका जमिनीतच गेला पाहिजे. बाप सांगून गेलाय."

वर्षभर पैका बँकेत पडून राहिला अन् अण्णा अंथरुणात. काही दुखत नव्हतं. डॉक्टरनं तपासलं अन् म्हणाला, "यांना काही झालेलं नाही." वहिनी म्हणाली, "रान गेलंय, डॉक्टर. ते तुमच्या मशिनीत दिसायचं नाय."

तेवढ्यात राहुलचा फोन आला. राहुल म्हणजे अण्णाचा मुलगा, जर्मनीत इंजिनियर. "अण्णा, आम्ही सुट्टीला स्पेनमधल्या एका गावात जातो. डोंगरावर आहे. तिथं एक जुनं दगडी घर विकायला निघालंय, मागं ऑलिव्हची झाडं आहेत. माझ्या घरून गाडीनं दोन दिवस. निम्मं निम्मं घेऊ या का?"

अण्णा अंथरुणात उठून बसला. "घराचं राहू दे. जमीन काळी का मुरमाड?"

*

खरेदीला अण्णा स्वतः गेला. गाव बघितलं अन् पहिला फोन मला. "बापू, आपलं खुलताबाद रे! हुबेहूब! डोंगर, वर तटबंदी, दरवाजे, चार दुकानं अन् दुपारी सगळे झोपलेले!" गावाचं खरं नाव आमच्यापैकी कुणाला उच्चारता येत नाय. तेव्हापासून ते आमचं खुलताबाद.

तिथं खरेदीखत वकीलबाईसमोर होतं. बाईंनी सगळं वाचून दाखवलं आणि सहीला पेन पुढं केलं. अण्णा पेन घेईना! "पूर्वेला कोण?" राहुलनं तर्जुमा केला. बाई बघत राहिल्या. "पश्चिमेला कोण? बांध कुणाचा? चतुःसीमा सांगितल्याबिगर मी सही करत नसतो."

राहुल म्हणाला, "अण्णा, इथं सगळं कॉम्प्युटरवर असतं."

"कॉम्प्युटर भांडायला येतो का बांधावर? शेजारी येतो. शेजाऱ्याला बोलाव."

बोलावला. पेद्रो नावाचा म्हातारा, डोक्यावर टोपी, हातात काठी. अण्णानं त्याला ऑलिव्हच्या रानात नेलं अन् बोटानं विचारलं, हे कुणाचं, ते कुणाचं? पेद्रो आधी बुजला. मग असा सुटला म्हणता! कुठला दगड कुणाच्या आज्यानं सरकवला, कुठलं झाड खरं कुणाचं, सगळं हातवारे करून सांगितलं. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. येताना खांद्यावर हात टाकून आले.

अण्णानं सही केली आणि म्हणाला, "पेद्रो पाटील माणूस चांगलाय. पण बांधावर लक्ष ठेवावं लागंल."

*

नासीरभाईंच्या बायकोनं एकदा वहिनीला विचारलं, "भाभी, ये हॉलिडे होम म्हणजे असतं तरी काय?"

वहिनी म्हणाली, "इथली भांडी घासून कंटाळा आला की विमानात बसून जिथं भांडी घासायला जायचं, ते!"

*

मी आणि नासीरभाई पहिल्यांदा अण्णा-वहिनींबरोबर गेलो तेव्हाची गोष्ट. राहुलकडं उतरलो आणि त्याच्या गाडीतून निघालो. जर्मनी संपलं, फ्रान्स आलं, कुणी अडवलं नाय. अण्णा झोपेत होता म्हणून ते खपलं. फ्रान्स संपून स्पेन लागलं तेव्हा मात्र तो जागा होता.

"राहुल, नाका कुठाय?"

"नाका नाही अण्णा. आलो आपण स्पेनमध्ये."

"असं कसं आलो? गाडी थांबव!"

आता यात अण्णाची चूक नाय. पोलीस ॲक्शनच्या आधी गोदावरी ओलांडून नगरकडं जायचं म्हणजे निजामाचा मुलूख सोडून इंग्रजाच्या मुलखात जायचं. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर पेटी उघडून दाखवावी लागायची. अण्णाचा बाप हे सांगत सांगत म्हातारा झाला. नदी ओलांडायला एवढा तपास, अन् इथं आख्खा देश बदलला तरी कुणी हूं का चूं केलं नाय!

नासीरभाई म्हणाले, "अण्णा बराबर बोलता है. बगैर इजाजत घुसना ठीक नाय."

राहुलनं कपाळाला हात लावून गाडी पेट्रोल पंपावर घेतली. तिथं पिवळं जाकीट घातलेला एक गडी कॉफी पीत उभा होता. बहुतेक बंद पडलेल्या गाड्या ओढणारा असावा. अण्णानं आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले आणि त्याच्यापुढं धरले. गड्यानं आमच्याकडं बघितलं. कप खाली ठेवला. हात पुसले. एकेक पासपोर्ट उघडून फोटो बघितला, तोंड बघितलं. नासीरभाईंच्या दाढीपाशी जरा जास्त थांबला. मग मान हलवून सगळे परत दिले अन् सलाम ठोकला!

अण्णा गाडीत येऊन टेकला. "आता रीतसर आलो."

वहिनी मागून म्हणाली, "पेटी नाय उघडायला लावली ते बरं. लोणच्याची बरणी वरच होती."

*

घराकडं जाणारी गल्ली एवढी अरुंद, की गाडी रिव्हर्समध्येच न्यावी लागते. राहुलच्या गाडीला त्यासाठी कॅमेरा आहे, पीं पीं करणारा सेन्सर आहे. पण त्या दिवशी स्टीअरिंगवर अण्णा होता, आणि अण्णाचा सेन्सरवर विश्वास नाय. नासीरभाई खाली उतरले, गाडीमागं उभे राहिले आणि डिक्कीवर थापा मारायला लागले. "आन दो, आन दो, आन दो... सीधा लो... आन दो..."

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. बाया बाहेर आल्या. सेन्सर बोंबलतोय, नासीरभाई त्याच्या वर बोंबलतायत. "आन दो, आन दो... बस!"

'बस' जरा उशिरा आलं. पेद्रोची कुंडी गेली.

नासीरभाईंनी चार वेळा माफी मागितली. पेद्रोनं कुंडी पायानं बाजूला सारली आणि नासीरभाईंना तीच आरोळी पुन्हा द्यायला लावली. तिसऱ्या दिवशी आम्ही बाकड्यावर बसलो होतो. पावाची गाडी मागं मागं येत होती. तिच्या पाठीमागं पेद्रो उभा, टोपी सावरून, डिक्कीवर थाप मारत, "आन दो! आन दो!"

नासीरभाई मला म्हणाले, "बापू, दुकान सोडून इतक्या वर्षांनी काहीतरी एक्सपोर्ट केलं."

*

वहिनीला त्या घरातली आवडलेली गोष्ट एकच, गच्चीवरचं ऊन. "ऊन लई खरं हाय इथलं," असं ती म्हणाली अन् दुसऱ्या दिवशी चीक शिजवून कुरडया घातल्या. आख्खी गच्ची पांढरी. वाळवण म्हणलं की राखणदार आला. अण्णाला टोपी घालून, हातात काठी देऊन कडेला बसवलं.

तासभरानं अण्णा म्हणाला, "अगं, कावळा नाय, चिमणी नाय. राखू कुणापासून?"

"आपण हललो की येतेत. बसा गप."

दोन दिवस अण्णा उन्हात काठी घेऊन बसला. शेवटी पेद्रोच्या बायकोनं राहुलला हळूच बाजूला घेतलं. तुझ्या वडिलांच्या हातून काय गुन्हा झाला, असं तिचं विचारणं होतं.

राहुल म्हणाला, "लग्न."

*

आता मागच्या उन्हाळ्याचं. आम्ही सगळे तिथंच होतो.

राहुलचं म्हणणं पडलं, घर विकून टाकू. त्याची मुलं मोठी झाली, त्यांना समुद्र पाहिजे, डोंगर नको. दोन दिवस गाडी हाकायची, पोचलं की गळकं छप्पर दुरुस्त करायचं, परत दोन दिवस हाकायची. "ही सुट्टी आहे का अण्णा? आणि तुम्ही तरी अजून किती वर्षं येणार?" पोरगा खोटं बोलत नव्हता. मी कुणाची बाजू घेत नाय, पण त्याचं चुकलं असंही म्हणणार नाय.

अण्णा रात्रीच्या जेवणाला बसला, निम्म्यातून उठला. मला बाहेर ओट्यावर म्हणाला, "बापू, शेंद्र्याची गेली ती सरकारनं घेतली. तिथं माझं काही चालत नव्हतं. ही मात्र मी माझ्या सहीनं द्यायची." आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी ते कधी बघितलं नव्हतं. मला पुन्हा ते अंथरूण आठवलं. नासीरभाई म्हणाले, "भाभीला बोलायला सांग." अण्णा म्हणाला, "ती कशाला बोलंल? पहिल्या दिवसापासून तिला हे घर नकोय."

वहिनी आत पोळ्या लाटत होती. तिनं सगळं ऐकलं असणार. लाटणं काही थांबलं नाय.

चार दिवसांनी गिऱ्हाईक आलं. हॉलंडचं रिटायर जोडपं, सभ्य, हसरं. घर त्यांना दारातूनच आवडलं. बाई भिंतींवरून हात फिरवत होती, साहेब छपराचं लाकूड ठोकून बघत होता. अण्णा मागं झाडांत जाऊन बसला. राहुल इंग्रजीत सगळं सांगत होता, मी आणि नासीरभाई कडेला उभे. वहिनीनं सगळ्यांना चहा केला, बिस्किटं दिली.

जाता जाता त्या बाईनं राहुलला विचारलं, "तुमच्या आई इथं सगळ्यांत जास्त राहतात ना? त्यांना विचारा, रात्री शांत असतं का?"

राहुलनं विचारलं.

वहिनीनं पदर सारखा केला. "शांत कुठलं? रात्री बाई फिरती."

ती बाई म्हणाली, "काय म्हणाल्या?" राहुल पडला जर्मनीत मुरलेला माणूस, खोटा तर्जुमा त्याला जमत नाय. त्यानं सांगितलं.

"कसली बाई?"

"म्हातारी," वहिनी शांतपणे म्हणाली. "अंगात पांढरा झगा. केस मोकळे. जिन्यानं वर जाती, गच्चीवर येरझाऱ्या घालती, खाली येती. तोंडानं सारखं पुटपुटत असती."

"रोज?"

"रोज. एक रात्र खाडा नाय."

बाईनं कप खाली ठेवला. साहेबानं छपराकडं बघितलं. "यांनी स्वतः जवळून बघितलंय?"

"माझ्याएवढं जवळून कुणीच नाय बघितलं," वहिनी म्हणाली.

जोडपं हसरं होतं ते हसतच गेलं, पण बिस्किट अर्धं टाकून गेलं. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला, घर सुंदर आहे, पण आम्ही विचार बदलला. छोट्या गावात बातमीला पाय फुटतात. त्या उन्हाळ्यात दुसरं गिऱ्हाईक दारात आलं नाय.

मेसेज वाचून राहुल लालबुंद झाला. "आई! तू आयुष्यात कधी भुताबितावर विश्वास ठेवला नाहीस. मग लोकांना तोंडावर खोटं कशाला सांगितलंस?"

वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाय.

"खोटं कुठं? मीच असती ती. पाय आखडतेत, झोप लागत नाय, मग फिरते देवाचं नाव घेत. भूत हा शब्द काढला का मी एकदा तरी?" मग तिनं मागं बघून हाक मारली. "अहो! बसलात काय नुसते? ऊन उतरलं, झाडांना पाणी घाला."