मोराचा तुरा

पाळणा पेटला तेव्हा माझी बारा दिवसांची पोर त्यात झोपली होती आणि माझा थोरला भाऊ तिच्या उशाशी बसून पाळण्यावरच्या मोराला तुरा काढत होता. शोभा आणायला जाऊन घराचं वाटोळं करणारा असा माणूस साऱ्या मोगलाईत दुसरा नव्हता.

दादाला हे वेड बीडला लागलं. तिथं एक काठीवाले चाचा तापल्या सळईनं काठ्यांवर वेलबुट्टी डागायचे. दादा दिवसभर त्यांच्यापुढं बसून राहिला. चाचांनी सांगितलं, "लकडी सूखी रखो, हात हल्का रखो, तेल सबसे आखिर में." चौसाळ्याला घरी पोचेपर्यंत यातलं एकही याच्या डोक्यात उरलं नाही. आल्या आल्या चुलीत सळई खुपसली आणि आईच्या काठवटीत पोपट काढला. आठ दिवस आम्ही कोळशाची भाकरी खाल्ली. आई म्हणाली, "मुडद्या, पीठ मळू का तुझा पोपट चारू?" हा म्हणतो, "चोच तर बघ की आये, लई झ्याक आलीय." मग वडिलांची काठी धरली. वेल इतकी खोल डागली की ओढा उतरताना काठी मोडली आणि वडील चिखलात बसले. दादानं आधी काठीचे तुकडे उचलले. "नक्षी शाबूत हाय, बाबा."

माझी दोन लेकरं आधीच गेली होती. तिसऱ्या खेपेला दादानं सागाचा पाळणा करवला. म्हणाला, "असा डागतो, की हिला पाळणा सोडून जावंसंच वाटणार न्हाई." चकाकावा म्हणून बारशाच्या आदल्या दिवशीच करडईचं तेल चोपडलं. बारसं झालं, बायका घुगऱ्या घ्यायला ओसरीवर आल्या, मीही आले. तेवढ्यात याला दिसलं, एका मोराला तुरा नाही. पोरीची झोप मोडेल म्हणून तिला उचललंही नाही. लाल सळई तेलकट लाकडाला लावली.

त्यानंच दोन्ही हात जाळात घालून तिला बाहेर काढलं. तिच्या अंगावर फोड नव्हता. त्याच्या हातांना कातडं उरलं नव्हतं.

"पोरीला लागलं न्हाई ना गं?"

"न्हाई."

"अन् मोर?"

"मेला तुझा मोर," मी म्हणाले. एवढंच बोलले. आणखी काही बोलायला हवं होतं.

ती काठवट आता माझ्याकडं आहे. पोपटाच्या चोचीत पीठ अडकतं, ते मी रोज काडीनं काढते.

हात चिघळून दादा महिन्याभरात गेला. पोर जगली. माझ्या पाच लेकरांत तेवढीच.